उजेडाचा डॉक्टर

नोव्हेंबर १८९५. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन. शहराला वीज पुरवणारं केंद्र सुरू होऊन तीनच वर्षं झालेली. त्या वीजकेंद्रात एक माणूस खुर्चीत बसलाय. शेजारी कार्बन आर्कचा मोठा दिवा डोळे दिपवत जळतोय आणि त्याचा उजेड भिंगातून गोळा करून त्या माणसाच्या चेहऱ्यावर एका छोट्या ठिपक्यावर टाकलाय. रोज दोन-दोन तास. खुर्चीतला पेशंट पेशाने इंजिनिअर, आणि दिव्यापाशी उभा असलेला बारीकसा, फिकट चेहऱ्याचा माणूस डॉक्टर. डॉक्टरला हॉस्पिटल नव्हतं, दवाखाना नव्हता. त्याला हवा होता प्रचंड उजेड, आणि तेवढा उजेड शहरात एकाच ठिकाणी मिळत होता.

डॉक्टरचं नाव नील्स र्‍युबर्ग फिन्सेन. बरोबर आठ वर्षांनी, १९०३ मध्ये, त्याला वैद्यकाचं नोबेल मिळालं. मेडिकलच्या पोरांनाही त्याचं नाव क्वचितच माहीत असतं, आपल्याला तर माहीत असण्याचं काही कारणच नाही. पण खरं सांगायचं तर हा माणूस अर्धा आपल्या बाजूचा होता. त्याच्या औषधाचं माप ॲम्पिअरमध्ये होतं.

त्या इंजिनिअरला झालेल्या रोगाचं नाव ल्युपस व्हल्गारिस. ल्युपस म्हणजे लॅटिनमध्ये लांडगा. लांडग्याने चावे घेतल्यासारखा चेहरा खाल्ला जातो म्हणून हे नाव. हा त्वचेचा क्षय. ज्या जंतूंमुळे फुप्फुसाचा टीबी होतो तेच जंतू इथे कातडीत घर करतात. बहुधा चेहऱ्यावर, नाकाच्या आसपास, तपकिरी-लालसर गाठींनी सुरुवात होते. मग त्या फुटतात, पसरतात, नाकाची कूर्ची झडते, ओठ आकसतात. माणूस लगेच मरत नाही. वर्षानुवर्षं तसाच जगतो, म्हणजे घरात तोंड लपवून बसतो. नोकरी जाते, लग्न होत नाही, शेजारी दार लावून घेतात. आपल्याकडे कुष्ठरोग्यांच्या वाट्याला जे आलं तेच युरोपच्या थंड, अंधाऱ्या शहरांत या लोकांच्या वाट्याला येत होतं. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू १८८२ मध्येच शोधला होता, पण शत्रू दिसला म्हणून तो मारता येतो असं नाही. उपचार काय, तर खरवडणं, कापणं, डागणं, नाहीतर जळजळीत रसायनं लावणं. रोगाइतकाच उपचारही चेहरा विद्रूप करायचा, आणि एवढं सोसून रोग पुन्हा उगवायचा.

या इंजिनिअरवर तेव्हाचे उपाय होऊन गेले होते. फिन्सेनकडे तो आला तो शेवटचा मार्ग म्हणून. आणि काही महिन्यांत गाठी बसल्या, कातडी मऊ झाली.

योगायोग बघा. त्याच नोव्हेंबरमध्ये जर्मनीत राँटजेनला क्ष-किरण सापडले. सगळं जग त्या अदृश्य किरणांमागे धावत सुटलं. फिन्सेन आपल्या ओळखीच्या, रोजच्या उजेडाशीच झटत राहिला.

आता मागे जाऊ. नील्सचा जन्म १५ डिसेंबर १८६० चा, फेरो बेटांवरच्या टोर्सहाव्हन गावात. नकाशात स्कॉटलंड आणि आइसलंडच्या मधे समुद्रात जे चार ठिपके दिसतात ती ही बेटं. धुकं, पाऊस, वारा. हिवाळ्यात दिवस उगवला म्हणेपर्यंत मावळतो. बाप मूळचा आइसलंडचा, सरकारी अधिकारी. नील्स चार वर्षांचा असताना आई गेली. बापाने दुसरं लग्न केलं, घर भावंडांनी भरलं.

शाळेत पोरगा काही चमकला नाही. डेन्मार्कमधल्या एका मोठ्या बोर्डिंग शाळेत घातलं, तिथल्या मुख्याध्यापकांचं मत पडलं की मुलगा मनाने चांगला आहे पण कुवत कमी आणि उत्साहही कमी. मग तिथून काढून आइसलंडला, रेक्याविकच्या शाळेत. तिथे शिकायची भाषाही वेगळी. शेवटी एकविसाव्या वर्षी शाळा संपली तेव्हा पंधरा जणांच्या वर्गात त्याचा नंबर अकरावा. (केटी लागलेल्यांनी हे वाक्य हवं तर कापून दाराला चिकटवावं, पण पुढचंही वाचावं.)

१८८२ मध्ये तो कोपनहेगनला मेडिकलला आला आणि दुसऱ्याच वर्षी आजाराची पहिली लक्षणं दिसू लागली. हा आजार त्याला शेवटपर्यंत सोडणार नव्हता. हृदय, यकृत आणि प्लीहा यांच्यावरची पातळ आवरणं हळूहळू जाड आणि ताठ होत जाणं, असं त्याचं स्वरूप होतं. हृदयाला नीट फुलता येत नाही, रक्त तुंबतं, पोटात पाणी साचतं. आपल्याकडे ज्याला जलोदर म्हणतात तो त्याचाच भाग. तेव्हा यावर उपाय नव्हता. बावीस-तेविसाव्या वर्षी, म्हणजे आपण टीई-बीईत असतो त्या वयात, याला सतत थकवा, अंगात रक्त कमी.

त्यातून राहण्याची खोली उत्तरेकडे तोंड असलेली. ज्यांना हॉस्टेलच्या मागच्या विंगमध्ये रूम मिळाली आहे आणि ज्यांचे टॉवेल तीन दिवस वाळत नाहीत त्यांना यातलं दुःख वेगळं सांगायला नको. डेन्मार्कमध्ये उत्तरेकडची खोली म्हणजे महिनोन्महिने ऊन नाहीच. फिन्सेनच्या लक्षात आलं की उन्हात बसलं की आपल्याला बरं वाटतं. तो जमेल तेवढा वेळ उन्हात काढू लागला. पण हा पडला डॉक्टरीचा विद्यार्थी. बरं वाटतं ते नक्की कशामुळे, हे पुस्तकात शोधायला गेला, तर शरीरशास्त्राच्या पुस्तकांत उत्तरच नाही. इथे आपण असतो तर म्हटलं असतं, पुस्तकात नाही म्हणजे आपला भास असेल. त्याने उलटं ठरवलं. माझा अनुभव खरा आहे आणि शास्त्र अपुरं आहे. कोपनहेगनमधल्या एका छपरावर ऊन खात पडलेल्या मांजराची गोष्टही त्याच्याबद्दल सांगतात. सावली सरकत आली की मांजर उठून पुन्हा उन्हात जाऊन बसायचं आणि हा खिडकीतून तासन्‌तास ते बघत बसायचा. मला ती गोष्ट पटते, कारण पुढे त्याने केलेले प्रयोग त्याच जातीचे आहेत. साधे, जवळजवळ फुकटात होणारे, आणि बघत बसण्याचा धीर मागणारे.

१८९० मध्ये तो डॉक्टर झाला. विद्यापीठात शरीररचना शिकवण्यासाठी विच्छेदन करून ठेवण्याची नोकरी लागली. १८९२ च्या डिसेंबरात इंगेबोर्ग बाल्सलेव हिच्याशी लग्न झालं. तब्येतीचा हा हाल, संसार नवा, आणि १८९३ मध्ये याने ती नोकरी सोडली. कशासाठी, तर उजेडावर प्रयोग करायचे म्हणून. पोटापाण्याला मेडिकलच्या पोरांच्या शिकवण्या.

त्याचे प्रयोग बघा. एका लांब पेटीत गांडुळं ठेवली आणि वर रंगीत काचा लावल्या, एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. गांडुळं निळ्याखालून सरपटत लालखाली जाऊन बसायची. पेटी फिरवली की पुन्हा तेच. म्हणजे निळा उजेड त्यांना टोचतो, लाल नाही. मग स्वतःवर प्रयोग. हाताच्या कातडीवर काळ्या शाईचा पट्टा ओढला आणि हात तीन तास कडक उन्हात धरला. शाई धुतली तर खालची कातडी पांढरीच्या पांढरी, दोन्ही बाजूंची लाल आणि नंतर काळवंडलेली. इथे बहुतेक जण थांबले असते. त्याने तोच हात शाई न लावता परत उन्हात धरला. आता उलटं झालं. आधी पांढरा राहिलेला पट्टा भाजून लाल झाला आणि काळवंडलेल्या भागाला फारसं काही झालं नाही. उन्हाने कातडी काळी पडते ती स्वतःचं रक्षण करायला, हे त्याने एका शाईच्या बाटलीत सिद्ध केलं. आपल्याकडे गोरेपणाच्या क्रीमवर दर महिन्याला पैसे उडवणाऱ्यांनी या पट्ट्याचा विचार करावा.

शिवाय त्याने हेही ओळखलं की ऊन भाजतं ते उष्णतेमुळे नव्हे. वर्णपटाच्या निळ्या, जांभळ्या आणि त्यापलीकडच्या अतिनील टोकामुळे भाजतं. या टोकाच्या किरणांना तेव्हा रासायनिक किरण म्हणत, कारण फोटोची काच त्यांनीच काळी पडते.

यातून १८९३ मध्ये त्याची पहिली मोठी कल्पना बाहेर आली, आणि ती देवीच्या रोगावर होती. देवी आलेल्या माणसाचे फोड पिकून व्रण राहतात आणि ते चेहऱ्यावर आणि हातांवर, उघड्या भागावर, जास्त असतात. मग रोग्याला लाल पडद्यांच्या खोलीत ठेवलं, निळे-जांभळे किरण आतच येऊ दिले नाहीत, तर? नॉर्वेत बर्गनच्या डॉक्टरांनी त्याच वर्षी ते करून पाहिलं आणि फोड पिकले नाहीत असं कळवलं. फिन्सेनचं नाव झालं ते इथपासून. पण पुढे इतरांनी जास्त काटेकोरपणे पाहिलं तेव्हा तसा फायदा दिसला नाही आणि लाल खोल्या बंद पडल्या. त्याच्या चरित्रात हे प्रकरण घाईने उरकतात. मला वाटतं ते तसं उरकू नये, कारण त्याच्या बुद्धीची दिशा इथेच कळते. आधी तो अपाय करणारा उजेड टाळायला निघाला होता. मग त्याला वाटलं, हाच उजेड जर एवढा जोरकस असेल, तर तो कामाला का लावू नये? डाउन्स आणि ब्लंट या दोघा इंग्रजांनी १८७७ मध्येच दाखवलं होतं की उन्हाने जंतू मरतात. त्वचेच्या क्षयाचे जंतू तर कातडीतच बसलेले. मग ऊन तिथपर्यंत पोचवायचं कसं?

इथून पुढचा भाग आपला. कारण प्रश्न सगळे इंजिनिअरिंगचे आहेत.

पहिली अडचण, साधं ऊन पुरत नाही. उघड्या तोंडाने उन्हात बसून ल्युपस बरा होत नाही, झाला असता तर शेतकऱ्यांना तो झालाच नसता. उजेड दाट करायला हवा, म्हणजे भिंग हवं. पण भिंगाने उष्णताही दाट होते आणि कातडी जळते. लहानपणी भिंगाने कागद जाळलेला प्रत्येक जण हे जाणतो. फिन्सेनने उन्हासाठी पोकळ भिंग केलं आणि त्यात मोरचुदाचं, अमोनिया घातलेलं निळंशार द्रावण भरलं. पाण्याने उष्णतेचे अवरक्त किरण शोषले, निळ्या रंगाने लाल-पिवळे अडवले, आणि पलीकडे आला तो थंडसर निळा-जांभळा उजेड. भिंग आणि फिल्टर एकाच वस्तूत.

दुसरी अडचण, डेन्मार्कमध्ये ऊन असतंच किती? म्हणून कार्बन आर्क. दोन कार्बनच्या कांड्या, मधे विजेची ठिणगी अखंड पेटती. तेव्हा हे दिवे रस्त्यांवर वापरत. फिन्सेनने वापरलेले मोठे दिवे ५० ते ८० ॲम्पिअर ओढायचे. आपल्या खोलीतला एमसीबी किती ॲम्पिअरला पडतो ते आठवा, म्हणजे तो वीजकेंद्रात का गेला ते कळेल.

तिसरी अडचण भिंगाच्या मालाची. साधी काच अतिनील किरण बरेचसे गिळते. म्हणून त्याने खनिज स्फटिकाची भिंगं वापरली. महाग, घडवायला अवघड. मोठ्या दिव्याभोवती दुर्बिणीसारख्या चार नळ्या, प्रत्येकीत भिंगं आणि उष्णता शोषायला पाण्याचा कप्पा, आणि चार नळ्यांखाली चार पेशंट. एका दिव्यावर चौघांचं काम.

चौथी अडचण सगळ्यात सुंदर, कारण ती यंत्रात नव्हती, माणसात होती. उजेड कातडीत शिरतच नव्हता. का? फिन्सेनने फोटोच्या कागदाचा तुकडा कानाच्या पाळीमागे ठेवला आणि पुढून निळा-जांभळा उजेड टाकला. पाच मिनिटं झाली, कागद कोरा. मग पाळी दोन काचांमध्ये चिमटीत धरल्यासारखी दाबली, इतकी की त्यातलं रक्त बाजूला सरून ती पांढरी पडली. वीस सेकंदांत कागद काळा. अडवणारं होतं ते रक्त. उपाय लगेच मिळाला. स्फटिकाच्या दोन चकत्यांची पोकळ डबी करायची, तिच्यातून गार पाणी खेळवायचं आणि ती पेशंटच्या कातडीवर दाबून धरायची. दाबाने रक्त सरतं, पाण्याने कातडी थंड राहते, उजेड खोल जातो. एका वस्तूने दोन कामं, पुन्हा तेच. या माणसाने काही डिझाइनचा कोर्स केला नव्हता.

आणि ती डबी दाबून कोण धरणार? नर्स. एका पेशंटला एक नर्स, डोळ्यांना काळा चष्मा लावून, तासभर, न हलता. एका बैठकीत बरा व्हायचा तो भाग नाण्याएवढा. उद्या त्याच्या शेजारचा. अख्खा गाल म्हणजे महिनोन्महिने. काही तासांनी जागा लाल व्हायची, फोड यायचा, खपली धरायची आणि खाली उरायची मऊ, पांढरट, सपाट कातडी. कापल्या-डागल्याचा गाठोडा व्रण नाही. ज्यांनी आरशात बघणं सोडलं होतं त्यांच्या दृष्टीने हाच मुख्य फरक. रोग बरा होणं एक, आणि तोंड घेऊन बाजारात जाता येणं दुसरं.

१८९६ मध्ये कोपनहेगनच्या महापालिका हॉस्पिटलच्या आवारात फिन्सेनची प्रकाश-उपचार संस्था उभी राहिली. हागेमान आणि योर्गेन्सेन या दोघांनी पैशाचा भार उचलला, सरकारनेही पुढे हात दिला. १९०१ पर्यंतच्या पाच वर्षांत ल्युपसचे आठशेच्या आसपास रुग्ण तिथे उपचार घेऊन गेले आणि त्यातले फार मोठ्या संख्येने बरे झाले किंवा पुष्कळ सुधारले. ज्या रोगात बरा झालेला माणूस दाखवणंच मुश्कील होतं, त्या रोगात ही गोष्ट युरोपभर पसरायला वेळ लागला नाही. इंग्लंडच्या युवराजाची बायको अलेक्झांड्रा ही मूळची डेन्मार्कची राजकन्या. तिच्या पुढाकाराने १९०० मध्ये फिन्सेनचा दिवा लंडन हॉस्पिटलमध्ये बसला. त्या हॉस्पिटलच्या आवारात तिचा पुतळा आहे आणि त्याच्या चौथऱ्यावर दिव्याभोवती बसलेले पेशंट आणि नर्सेस कोरल्या आहेत. पुढे फिन्सेनचा सहकारी राइन याने एका पेशंटपुरता छोटा दिवा केला, त्याला सुमारे २० ॲम्पिअर पुरायचे. त्यामुळे लहान हॉस्पिटलांनाही तो परवडू लागला.

या सगळ्या काळात फिन्सेनची स्वतःची अवस्था काय होती? पोटात पाणी भरायचं, सुई घालून काढायचं, पुन्हा भरायचं. हे किती वेळा झालं त्याला गणती नाही. शेवटच्या वर्षांत तो चाकाच्या खुर्चीत होता. संस्थेत पेशंट चेहरे बरे करून घरी जात होते आणि संस्थेचा डॉक्टर दिवसातले मोजके तास कसाबसा काम करत होता. उजेडाने त्याला सुरुवातीला उभारी दिली असेल, पण त्याच्या आजारावर उजेडाचा काही उपयोग नव्हता, आणि हे त्याला पक्कं माहीत होतं.

१९०३ च्या डिसेंबरात स्टॉकहोमला नोबेलचा समारंभ झाला तेव्हा तो जाऊ शकला नाही. त्या वर्षीचं भौतिकशास्त्राचं बक्षीस बेक्वेरेल आणि क्युरी दांपत्याला होतं. क्युरी नवरा-बायकोही आले नव्हते. डेन्मार्कला मिळालेलं हे पहिलं नोबेल. रकमेतला मोठा भाग फिन्सेनने आपल्या संस्थेला आणि हृदय-यकृताच्या रोग्यांसाठी तिच्या जोडीने काढलेल्या आरोग्यधामाला दिला. हृदय-यकृताच्या रोग्यांसाठी का, ते सांगायला नको.

शेवटचं काम तर ऐकण्यासारखं आहे. उजेडाशी त्याचा संबंध नाही. पोटात पाणी साचतंय तर ते का साचतंय हे त्याने स्वतःवरच मोजायला घेतलं. खाल्लेला प्रत्येक घास वजन करून, प्यायलेला प्रत्येक घोट मोजून, बाहेर पडलेलंही सगळं मोजून, रोजची नोंद. त्यातून त्याला दिसलं की शरीरात मीठ साठून राहतंय आणि मिठाबरोबर पाणी. त्याने मीठ जवळजवळ बंद केलं आणि पाणी भरायचा वेग कमी झाला. १९०४ मध्ये, मृत्यूच्या वर्षी, त्याने शरीरात साठणाऱ्या मिठावर निबंध लिहिला. आज जलोदराच्या, हृदय अशक्त झालेल्या पेशंटला डॉक्टर पहिली गोष्ट सांगतात ती मीठ कमी करा. आपण प्रॅक्टिकलची रीडिंग्ज आदल्या रात्री मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवतो. हा माणूस मरणाच्या दारात ताटातलं मीठ ग्रॅममध्ये लिहीत होता, आणि रीडिंग चुकलं तर भोगणारा तोच होता.

२४ सप्टेंबर १९०४ रोजी तो गेला. वय ४३. मागे इंगेबोर्ग आणि लहान मुलं. पहिलं मूल जन्मल्यावर लगेचच गेलं होतं. १९०९ मध्ये कोपनहेगनमध्ये रुडॉल्फ टेग्नर या शिल्पकाराने त्याचं स्मारक केलं, त्यात फिन्सेनचा पुतळा नाही. मान वर करून, हात उंचावून प्रकाशाकडे झेपावणारी माणसं आहेत.

दिवे मात्र पुढे तीस-चाळीस वर्षं जळत राहिले. १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आलं, १९५२ मध्ये आयसोनियाझिड, आणि त्वचेचा क्षय गोळ्या-इंजेक्शनांनी बरा होऊ लागला. एक नर्स, एक पेशंट, एक तास आणि नाण्याएवढी जागा, हे गणित गोळीपुढे टिकणं शक्यच नव्हतं. मोठमोठे आर्क दिवे अडगळीत गेले, काही म्युझियममध्ये. संस्था पुढे कोपनहेगनच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात विलीन झाली. आपल्या देशात त्वचेचा क्षय आजही अधूनमधून दिसतो. तो क्षयाच्या नेहमीच्या औषधांनी बरा होतो, मात्र कोर्स पुरा करावा लागतो.

पण गोष्ट इथे संपत नाही. नोबेल मिळाल्यावर शंभर वर्षांनी डेन्मार्कमधल्याच संशोधकांना प्रश्न पडला की फिन्सेनच्या दिव्याने रोग बरा झाला तो नक्की कशाने? सगळ्या पुस्तकांत लिहिलेलं होतं, अतिनील किरणांनी जंतू मेले. त्यांनी जपून ठेवलेले जुने दिवे, भिंगांचे संच आणि फिल्टर मोजमापाला लावले. २००५ मध्ये निष्कर्ष छापून आला. त्या भिंगांतून ३४० नॅनोमीटरच्या खालचे किरण बाहेर पडतच नव्हते. जंतूंना थेट मारणारे अतिनील किरण त्याहून कितीतरी आखूड लहरींचे. म्हणजे ज्यासाठी स्फटिकाचा एवढा खटाटोप केला ते किरण पेशंटपर्यंत पोचलेच नव्हते!

मग जंतू मेले कसे? क्षयाचे जंतू स्वतःच पॉर्फिरिन नावाची रंगद्रव्यं तयार करतात. त्यांच्यावर ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे साधा जांभळा-निळा, दिसणारा उजेड पडला की ती तापट होतात आणि शेजारच्या ऑक्सिजनला अतिशय मारक अवस्थेत नेतात. जंतू आपल्याच रंगद्रव्याने मरतो. हा उजेड अतिनीलपेक्षा कातडीत खोलही जातो, आणि रक्त बाजूला सारलं तर आणखी खोल. म्हणजे दाबण्याची डबी बरोबर, पाण्याने गार करणं बरोबर, निळा फिल्टर बरोबर, स्पष्टीकरण तेवढं चुकलं. फिन्सेनच्या काळात यातलं काहीच माहीत असण्याची सोय नव्हती. तो चेहऱ्याकडे बघून दिव्यात बदल करत गेला आणि चेहऱ्याने त्याला फसवलं नाही. देवीच्या वेळी याच पद्धतीने तो चकला होता, हेही इथे आठवायला हवं.

याच पॉर्फिरिनच्या वाटेवर आज मुरुमांसाठी निळ्या उजेडाचा उपचार होतो, कारण मुरुमांतले जंतूही पॉर्फिरिन बनवतात. म्हणून ऑनलाइन मिळणारा कुठलाही निळा एलईडी तोंडासमोर धरून बसायचं, असा अर्थ कुणी काढू नये. उजेडाचंही माप असतं, आणि जास्त अतिनीलने कातडीचा कॅन्सर होतो हे फिन्सेननंतर जगाला कळलं.

आपल्याकडे कोडाच्या डागांना बावचीच्या बिया लावून उन्हात बसवण्याची पद्धत फार जुनी. बावचीत सोरॅलिन असतं आणि ते कातडीला उजेडाबाबत हळवं करतं. १९७४ मध्ये सोरॅलिन आणि अतिनील यांची जोडी सोरायसिसवर आधुनिक वैद्यकात आली. १९८० च्या दशकात ३११ नॅनोमीटरच्या आसपासचाच प्रकाश देणाऱ्या ट्यूब आल्या आणि सोरॅलिनशिवायच काम भागू लागलं. आज मोठ्या हॉस्पिटलच्या त्वचारोग विभागात उभ्या कपाटासारखं एक यंत्र असतं, आत चारी बाजूंनी ट्यूब. कोड किंवा सोरायसिसचा पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा येतो, आत उभा राहतो, सेकंद-मिनिटांत मोजलेला उजेड घेतो आणि कामाला जातो. नर्सला काही दाबून धरावं लागत नाही. पेशंटच्या डोळ्यांवर गडद चष्मा मात्र अजूनही लावतात.